बाळंतलिंबावरची बाळंतीण

मैत्रिणींनो, पाडवा झाला की तुमच्याकडेही कुरडया-पापडांची गडबड सुरू होत असेल. वाळवण घालणं सोपं, ते राखणं अवघड! आमच्या नांदेडच्या जुन्या घराच्या परसात एक मोठा लिंब होता. त्याच्या सावलीबाहेर मी बाजेवर कुरडया घालायची आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात काठी घेऊन सावलीत बसायच्या. २०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी त्यांनी मला हाक मारली, "अगं, बाहेर ये! हे पाखरू चिखल नेऊलालंय बघ."

धुण्याच्या दगडापाशी पाणी मुरून माती ओली राहते, तिथं घारीएवढा एक राखाडी पक्षी उतरला होता. शेपूट लांबलचक, डोळे लाल, चोच विळ्यासारखी वाकडी आणि त्या चोचीवर आणखी एक काळं शिंग! त्यानं ओल्या मातीची गोळी चोचीत धरली आणि लिंबाच्या खोडावर, पूर्वी एक फांदी मोडून जिथं ढोली झाली होती, तिथं नेऊन आत दिली. आतून कुणीतरी ती घेतली.

"मादी असंल," आत्याबाई म्हणाल्या. "घर सारवूलाली."

आणि खरंच ती सारवत होती. मातीत स्वतःची विष्ठा मिसळून चोचीनं ती ढोलीचं तोंड लिंपत होती. चार-पाच दिवसांत ते बंद झालं. राहिली ती एक उभी फट, तुमचं-माझं बोट जेमतेम जाईल एवढी.

मुलीला कोइमतूरला फोटो पाठवला तेव्हा नाव कळलं, राखी धनेश. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. महाधनेश, कवड्या धनेश आणि मलबारी राखी धनेश या तिघांना दाट रान लागतं, त्यांना पाहायचं तर सह्याद्रीत, कोकणात जावं. आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला आला तो हा चौथा, साधा, गावात-शहरातही राहणारा. जुनी झाडं मात्र त्याला हवीत.

नाव ऐकून आत्याबाई जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "माळेगावच्या जत्रंत वैदू याचं तेल विकायचे. गुडघ्याला लावायला. मीबी आणलं होतं एकदा." गुण आला का, असं मी विचारलं. "कशाचा गुण! नुस्ता वास." १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं असला धंदा बंद केला आहे, तरी कुणी दारावर आणलं तर घेऊ नका.

आता ऐका त्या मादीचं. ढोलीत शिरून स्वतःला कोंडून घेतलं की ती अंडी घालते आणि तिथंच उबवत बसते. आतल्या आत तिची उडायची पिसं गळून जातात. म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत तिची पिसं परत येतात आणि मग ती भिंत फोडून बाहेर निघते. तोवर दोन-सव्वादोन महिने नर जे आणून देईल तेच तिचं जेवण. शेजारच्या भाभींना मी हे सांगितलं तर त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "बघा, इथंही नवऱ्यानं कोंडलंच बिचारीला!" तसं नव्हे हो! नरानं माती तेवढी आणून दिली. भिंत घालणारी तीच. साप, मांजर, माकड कुणी आत शिरू नये म्हणून तिनं केलेला तो बंदोबस्त.

मला मात्र ती फट पाहून दुसरंच आठवत होतं. माझं माहेर औशाजवळचं. पहिल्या बाळंतपणाला मी १९९३ साली तिथं होते. मुलीचं बारसं नुकतंच झालेलं. गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला, भूकंप झाला. आमच्या घराची दगडमातीची एक भिंत बसली, माणसं वाचली. किल्लारीकडच्या गावांत काय झालं ते तुम्हांला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. त्यानंतर घरात पाऊल टाकायला कुणी धजेना. माझा सव्वा महिना अंगणातल्या लिंबाखाली गेला, चारी बाजूंनी लुगडी बांधून. आमचे हे नांदेडहून एसटीनं यायचे. आत्याबाईंनी दिलेले डिंकाचे लाडू, तूप, दुपटी घेऊन. बायकामाणसांत यायला लाजायचे, म्हणून लुगड्याबाहेर उभे राहायचे, आणि मी दोन लुगड्यांच्या मधून हात बाहेर काढून डबा घ्यायची. जुन्या बायका लिंबाला बाळंतलिंब म्हणतात, तो शब्द मला तेव्हापासून फार जवळचा आहे.

ह्या सगळ्यात एक अडचण होती, ती आता सांगते. तो लिंब तोडायचं ठरलेलं होतं!

माझ्या धाकट्या दिरांचं औषधाचं दुकान भाड्याच्या जागेत होतं. परसात दोन मजले बांधायचे, खाली दुकान, वर राहायला खोल्या, असा बेत. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, ती भावजींनी रीतसर काढलेली. ठेकेदाराला विसार दिलेला. अक्षय तृतीयेला पाया खणायचा होता आणि ती आली होती ७ मे रोजी. त्यात झाड पोकळ, एक बाजू भाभींच्या पत्र्यावर झुकलेली. भावजींचं काही चुकत होतं, असं मी म्हणणार नाही.

मी ह्यांना रात्री सांगितलं. हे म्हणाले, "त्याचे पैसे अडकलेत. मी काय सांगू त्याला, पाखरासाठी थांब म्हणून?" मुलीनं फोनवर सांगितलं की नांदतं घरटं मोडणं कायद्यानं गुन्हा आहे. ते खरं आहे. पण मैत्रिणींनो, घरात कायदा काढला की झाड एक वेळ वाचतं, बोलणं मात्र बंद होतं! मी तो शब्द तोंडातून काढला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी नुसतं विचारलं, "भावजी, दोन महिने थांबता येईल का?" त्यांनी ताटातच हात धुतला आणि उठले.

बोलल्या त्या आत्याबाई. भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "बाळंतीण हाय ती. बाळंतिणीच्या घरावर कुऱ्हाड घालायची असंल तर मी गावाकडं जाते. मला बघवायचं न्हाई."

भावजी थांबले. पण त्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं बोलणं "चहा द्या"पुरतं उरलं.

दोन महिने मागून घेतले होते, तेव्हा ते वाया जाऊ नयेत असं वाटून मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर नोंदी करू लागले. किती वाजता आला, काय आणलं. तो यायचा, खोडाला चोच टेकून बसायचा, मान हलवायचा आणि घशातून एकेक फळ वर काढून फटीत द्यायचा. एकदा पिंपळाची फळं मी मोजली, एका खेपेत अठरा! जणू गळ्यातच पिशवी शिवलेली. पहिले पंधरा-वीस दिवस उंबर, वड आणि पिंपळ यांशिवाय वहीत दुसरं नाव नाही. मग भोकरं आली. मेच्या शेवटी, पिल्लं झाली असावीत तेव्हा, नाकतोडे आणि सरडे. एक दिवस चिमणीचं पिल्लू आणलं, ते पाहून मी आत निघून गेले. जूनमध्ये लिंबोळ्या पिकल्या तेव्हा त्याला फार लांब जावं लागेना, घरच्याच झाडावर सोय झाली. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण मुलांना हातही लावू देत नाही, इतक्या विषारी. त्याही राखी धनेश खातो, अशी नोंद आहे. पाणी प्यायला तो खाली उतरलेला मी कधीच पाहिला नाही. फळातला रसच त्याचं पाणी. त्या वर्षी दुष्काळ होता, टँकरच्या मागं घागरी घेऊन धावताना मला त्याचा हेवा वाटायचा.

फळांवर हा पक्षी किती जगावा? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला होता, सव्वीस वर्षं! त्या संस्थेच्या चिन्हावर आजही महाधनेशच आहे.

वड-उंबर-पिंपळच का, याचं कारण मला मुलीनं पाठवलेल्या पुस्तकात मिळालं. आंबा वर्षातून एकदा येतो आणि संपतो. उंबराच्या कुळातल्या झाडांचं तसं नाही. प्रत्येक जातीची स्वतःची बारीक माशी असते, ती फळात शिरून परागाचं काम करते. (उंबर फोडलं की चिलटं दिसतात, ती हीच मंडळी!) त्या माशीचा वंश चालायचा तर कुठल्या ना कुठल्या झाडावर फळ सदैव हवं. म्हणून ह्या वडावर नसलं तर त्या वडावर असतं, आणि आंबे-जांभळं नसतात तेव्हाही पाखरांची चूल पेटती राहते.

संध्याकाळी स्कूटी घेऊन मी ही झाडं शोधायला निघायची. भाजी आणायच्या निमित्तानं, अर्थात! मारुतीच्या देवळामागचा पिंपळ, एका जुन्या विहिरीवरचं उंबर, नदीकडच्या रस्त्याला दोन वड. झालं, संपली यादी. रस्ते तर हिरवेगार आहेत आमचे. पण गुलमोहर, निलमोहर, सप्तपर्णी, सुबाभूळ. शेंगा आणि फुलं. धनेशाच्या ताटात वाढण्यासारखं त्यात काही नाही. लहानपणी लातूरहून नांदेडला येताना अहमदपूर-लोह्याच्या रस्त्याला दुतर्फा वडाच्या पारंब्या बसच्या टपावर घासायच्या. तो रस्ता आता चांगला रुंद झाला आहे, गाडी पोटातलं पाणी हलू देत नाही. वड गेले.

मेच्या अखेरीस वादळ आलं. रात्री अकराला लिंबाची एक फांदी भाभींच्या पत्र्यावर पडली. पत्रा वाकला, आत दोन नातवंडं झोपली होती, देवाच्या कृपेनं वाचली. सकाळी भाभी आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाखराचं बाळंतपण करा. पण माझ्या लेकरांच्या डोक्यावर नको."

मी काय उत्तर द्यावं? त्यांना बसवलं, चहा केला आणि हात-पाय गळून स्वयंपाकघरात उभी राहिले. तेव्हा भावजी पहिल्यांदा आपण होऊन माझ्याशी बोलले. "वहिनी, माणूस बोलावतो. त्यांच्या बाजूच्या फांद्या उतरवू, खोड राहू द्या. आणि पोरं महिनाभर आपल्या ओसरीत झोपतील."

फांद्या उतरवणारा दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला आला. कुऱ्हाडीचा घाव पडला की खोड थरथरायचं आणि प्रत्येक घावाला मला त्या अंधारातली ती दिसायची, पिसं गळालेली, कुठं जाता न येणारी. नर एकदा येऊन समोरच्या तारेवर बसला, घारीसारखा ओरडला आणि निघून गेला. नऊ वाजले, बारा वाजले, तीन वाजले. काम दीडलाच संपलं होतं. तो येईना. फटीतून अधूनमधून चोचीचं टोक दिसायचं आणि आत जायचं. मी पपई कापून काठीला बांधून फटीपर्यंत नेता येईल का, ते पाहिलं. काठी पोचेना. आत्याबाई म्हणाल्या, "तू हिंडू नको तिथं, तू असल्यावर तो कसा येईल?" आम्ही सगळ्या आत आलो, परसदार लावून घेतलं, आणि भाभींच्या नातीला खिडकीशी बसवलं.

सव्वासहाला ती ओरडली, "आला! आला!"

उंबर आणली होती त्यानं. अंधार पडेपर्यंत तीन खेपा झाल्या. भावजी दुकानातून आल्यावर त्यांनी विचारलं, "आला का?" त्यानंतर ते रोज विचारायचे.

वटपौर्णिमेला दर वर्षी मी बाजारातून वडाची फांदी आणून घरीच पूजा करत असे. वेळ कुणाला असतो? त्या वर्षी वहीतल्या नोंदी वाचल्यावर फांदी विकत घ्यायचं मन होईना. नदीकडच्या वडाला गेले. परत आले तर भाभींची नात दारातच, "भिंत फुटली!" ढोलीचं तोंड मोठं झालं होतं, आणि लिंबाच्या उरलेल्या फांदीवर मादी बसली होती. पिसं नवी कोरी, पण उडताना अवघडल्यासारखी. दोन-तीन दिवसांत एक पिल्लू बाहेर आलं. दुसरं असेल तर आम्हांला दिसलं नाही. आठवड्याभरात सगळी निघून गेली. ढोलीखाली बियांचा सडा पडला होता. पाऊस झाल्यावर त्यातलं एक भोकर उगवलं, ते मी तेलाच्या डब्यात लावलं.

ह्याची किंमत काय पडली, तेही लिहायला हवं. दोन महिने थांबल्यामुळं ठेकेदार दुसऱ्या कामाला लागला आणि दिवाळीनंतरच परत आला. भावजींना सहा महिने दुकानाचं भाडं जास्त भरावं लागलं, सिमेंट-लोखंडाचा भाव चढला तो वेगळाच. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण हिशेब मला दिसत होता. मग मी माझ्या दोन पाटल्या पुढं केल्या, त्यांनी परत केल्या.

नोव्हेंबरात लिंब पडला. मी माहेरी जाऊन राहिले.

२०२० चा पाडवा टाळेबंदीत आला. रस्ता सुनसान, एकही गाडी नाही. अशा शांततेत सकाळी ओळखीची किंकाळी ऐकू आली. जोडी परत आली होती. हे पक्षी बहुधा त्याच ढोलीकडं वर्षानुवर्षं येतात. स्लॅबच्या उघड्या सळयांवर दोघं बसली, इकडं तिकडं मान वळवून पाहत. पाच दिवस रोज आली. आत्याबाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "त्याला वाटत असंल, पत्ता चुकला."

पुढं २०२३ मध्ये आम्ही मुलीकडं गेलो तेव्हा तिनं आम्हांला पोल्लाचीवरून चाळीस वळणांचा घाट चढवून वालपराईला नेलं. डोंगरच्या डोंगर चहानं झाकलेले, मधूनमधून कॉफी आणि मूळच्या पर्जन्यवनाचे उरलेले तुकडे. कॉफीला सावली लागते, म्हणून मळ्यात झाडं राखतात. कुठं जुनी रानझाडं, वड-उंबराच्या कुळातली. कुठं नुसताच सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियातून आणलेला, सरळसोट, भराभर वाढणारा. लांबून दोन्ही मळे सारखेच हिरवे. जुन्या झाडांच्या मळ्यात आम्ही महाधनेश पाहिला! आधी आवाज आला, आगगाडीच्या इंजिनासारखा भस्‌ भस्‌, तो त्याच्या पंखांचा. मग चार-पाच फुटांचे ते काळे-पांढरे पंख, पिवळी चोच. उंबराची फळं चोचीच्या टोकानं तोडून, वर उडवून घशात टाकत होता. सिल्व्हर ओकच्या मळ्यात दोन तास फिरलो, एक दिसला नाही. त्याला ना खायला फळ, ना ढोली. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे दोघे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनतर्फे तिथल्या मळ्यांमधल्या उजाड तुकड्यांत सुमारे २००० सालापासून रानझाडं लावताहेत. मुलगी तिथल्या रोपांबद्दल सांगत होती, आणि मी मनात आमचे रस्ते मोजत होते, गुलमोहर, निलमोहर, सुबाभूळ.

सिंगापूरमध्ये धनेशांसाठी लाकडी पेट्या टांगल्या आणि त्यांत त्यांनी पिल्लं वाढवली, हे मुलीनंच सांगितलं होतं. परत आल्यावर मी जुन्या घराच्या सागवानी दाराची एक पेटी सुताराकडून करून घेतली. पाऊण हात रुंद, दोन हात उंच, तोंड उभट, तळाशी लाकडाचा भुसा. सुतारानं विचारलं, "बाई, कोंबड्यांसाठी का?" पुजारीबुवांच्या परवानगीनं ती मारुतीमागच्या पिंपळावर चढवली, दोर भावजींनी ओढला. पहिल्या वर्षी साळुंक्या राहिल्या, दुसऱ्या वर्षी राघूंनी भांडून घेतली. आत्याबाई आता नाहीत, नाहीतर त्यांनी काठी घेऊन भाडेकरूंना हाकललं असतं!

डब्यातलं भोकर देवळाच्या कुंपणाशी लावलं आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलं. यंदा पाडव्यानंतर गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तुळशीला नुकतंच पाणी घातलेलं. नर कठड्यावर उतरला, कुंडीतली ओली माती चोचीत घेतली आणि उडाला. मी धावत कठड्याशी गेले. तो पिंपळाकडं गेला नाही, नदीकडं वळला आणि घरांच्या मागं दिसेनासा झाला.